पूर्वेला उघडा निवारा : घोड्यांच्या पावसाळी छपराच्या अभ्यासाची प्रस्तावना

हिंगोली शहरात रिसाला बाजार आहे, पलटण आहे, तोफखाना आहे, पेन्शनपुराही आहे. निजामाच्या मुलखात राहणारी, पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकुमाने चालणारी जी फौज पुढे हैदराबाद कंटिन्जंट म्हणून ओळखली गेली, तिचे हिंगोली हे एक ठाणे होते. १९०३ मध्ये ती फौज हिंदुस्थानी लष्करात मिसळून गेली आणि घोडदळ या गावातून गेले. या रिसाल्याची रीत शिलेदारीची होती. घोडा स्वाराने स्वतः आणायचा आणि स्वतःच सांभाळायचा. ज्याची भाकरी घोड्यावर अवलंबून आहे, अशा माणसाला आषाढातल्या झडीत आपले जनावर कशावर आणि कशाखाली उभे आहे याचा विचार रोजच करावा लागे. ज्या अभ्यासाकडे मी वाचकाला बोलावतो आहे, त्याचा आरंभ याच विचारात आहे.

विषय सांगायला सोपा आहे. कुरणात किंवा शेताच्या बांधालगत एक छप्पर, तीन बाजूंना आडोसा, चौथी बाजू मोकळी. घोडा दाव्याला नाही, दाराला कडी नाही. ऊन चढले की तो आत येतो, वारा सुटला की बाहेर जातो, सर कोसळू लागली की पुन्हा आत. तबेला आणि पागा यांहून ही वास्तू वेगळी आहे, कारण इथे कुठे उभे राहायचे हे घोडा ठरवतो. बांधणाऱ्याचे काम एवढेच की तो आत येईल तेव्हा त्याला कोरडी जमीन आणि हलती हवा मिळावी. हे करून दाखवणे मात्र सोपे नाही. त्यात पशुवैद्यक आहे, स्थापत्य आहे, मृदाशास्त्र आहे, हवामानशास्त्र आहे आणि गावच्या सुताराचा हातही आहे. यांपैकी कोणत्याही वाटेने आलेल्या वाचकाचे इथे स्वागत आहे.

आता घोडे राहिलेत कुठे, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. २०१९च्या पशुगणनेत देशभरात घोडे आणि तट्टे मिळून सुमारे ३ लाख ४० हजार मोजली गेली. आधीच्या, २०१२च्या गणनेपेक्षा हा आकडा जवळपास निम्म्यावर आला होता. पण हिंगोलीच्या आसपास नजर टाकली तर घोडा अजून नाहीसा झालेला नाही. शेजारच्या नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यातल्या माळेगावला मार्गशीर्षाच्या अखेरीस खंडोबाची यात्रा भरते आणि तिथल्या बाजारात घोडे, गाढवे, उंट यांचे सौदे होतात. नांदेडच्या तख्त सचखंड श्री हजूर साहिबच्या पदरी घोडे आहेत आणि हल्ला-महल्ल्याला ते निघतात. वरातीची घोडी तर तालुक्याच्या प्रत्येक गावी आहे. भीमा आणि नीरेच्या खोऱ्यांत धनगरांच्या वाड्यांबरोबर बिऱ्हाड वाहत चालणाऱ्या भीमथडी घोड्याला आता देशी जात म्हणून शासकीय मान्यता मिळाली आहे. शिवाय गेल्या काही वर्षांत हौसेने मारवाडी किंवा काठियावाडी घोडे पाळणारे शेतकरी मराठवाड्यात दिसू लागले आहेत. हे लोक आज बांधकाम करत आहेत, आणि म्हणूनच हा विषय आज मांडण्याची निकड मला वाटते. ते जे बांधतात त्याचा नमुना बहुतेकदा थंड देशातला असतो : चारी बाजूंनी विटांच्या भिंती, एक दार, एक खिडकी, वर बुटके पत्रे. माझे मत स्पष्ट आहे. मराठवाड्यात अशी खोली पैसे मोजून घोड्याला दिलेला त्रास आहे.

हे मत नवे नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात अश्वाध्यक्षाचे एक प्रकरण आहे. त्यात अश्वशाळेचे माप घोड्यावरून घेतले आहे : रुंदी घोड्याच्या लांबीच्या दुप्पट, चार दारे, मध्यभागी घोड्यांना लोळायला जागा. प्रत्येक घोड्याची स्वतंत्र जागा त्याच्या लांबीएवढी चौरस, खाली गुळगुळीत फळ्या, खाण्यासाठी कप्पा, लीद आणि मूत बाहेर जाण्याची सोय. आणि त्या जागेचे तोंड पूर्वेकडे किंवा उत्तरेकडे. दिशेच्या या नियमामागे शुभाशुभाचा विचार असू शकेल. पण नैर्ऋत्येचा मोसमी वारा ज्या देशात चार महिने वाहतो, तिथे पूर्व आणि उत्तर या दोन दिशा पावसाच्या पाठीकडच्या आहेत, हेही तितकेच खरे. त्याच प्रकरणात शाळेत माकडे, मोर, मुंगूस, पोपट, मैना ठेवायला सांगितले आहे. घोडा एकटा राहू नये, त्याच्याभोवती हालचाल असावी, एवढे तरी त्यातून घेता येते.

आपल्या भाषेत या विषयावरचा सगळ्यात मोलाचा कागद शिवाजी महाराजांचा आहे. १६७०च्या दशकात चिपळूणजवळ हलवर्णला पावसाळ्यासाठी पागा उतरली होती. तिथल्या जुमलेदार, हवालदार आणि कारकुनांना लिहिलेले ते पत्र रयतेला त्रास देऊ नका या ताकिदीसाठी प्रसिद्ध आहे, आणि ते योग्यच आहे. पण घोड्यांच्या निवाऱ्याचा अभ्यास करणाऱ्याने ते आणखी एकदा, वेगळ्या नजरेने वाचावे. आहे ती वैरण आणि दाणा आताच उधळलात तर ऐन पावसात काही मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारली असे होईल, असा त्याचा रोख आहे. पुढे आगीचा विचार येतो. भलत्या जागी चूल पेटवणारा, तंबाखूसाठी विस्तव नेणारा, रात्री दिवा तसाच ठेवून निजणारा आणि ती पेटती वात ओढून नेणारा उंदीर, हे सगळे धोके एकामागून एक मोजले आहेत. एका खणाला आग लागली की सगळे खण जातील. आणि मग कुणब्यांना कितीही दटावले तरी पावसाळ्यात नवा खण उभा करायला एक लाकूड मिळणार नाही.

या शेवटच्या मुद्द्यापाशी मी पुनःपुन्हा थांबतो. पावसाळी निवारा पावसाळ्यात दुरुस्त होत नाही. ओले लाकूड, चिखलात रुतलेली गाडी, पेरणीत अडकलेली माणसे. जे करायचे ते अक्षय तृतीयेच्या आत करायचे. वैरणीची गंज आणि घोड्यांचे छप्पर एकमेकांपासून लांब ठेवायचे, हा नियमही पत्रातल्या आगीच्या इशाऱ्यातूनच निघतो. पत्र्याच्या छपराखाली कडब्याच्या पेंढ्या आढ्यापर्यंत रचून त्यांच्या सावलीत घोडा बांधणाऱ्यांनी तो आजही लक्षात ठेवावा, कारण विजेच्या तारेची ठिणगी उंदराच्या वातीपेक्षा कमी घातक नसते.

आता घोड्याच्या शरीराकडे. म्हैस डबक्यात बसून थंड होते, कुत्रा धापा टाकून. घोड्याचा मुख्य आधार घाम. मेहनतीत त्याला तासाला दहा-पंधरा लिटरपर्यंत घाम येऊ शकतो आणि त्या घामात एक प्रथिन असते, ज्यामुळे तो केसांवर पसरतो आणि फेसाळतो. पण घाम येणे आणि घाम उडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक लिटर घामाची वाफ झाली तर सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता अंगातून निघून जाते. तोच लिटर पोटाखालून नुसता ठिबकला तर त्यातले फारसे काहीच जात नाही. मे महिन्यात हिंगोलीत पारा चाळिशीच्या वर असतो, तरी हवा कोरडी असल्याने घाम उडतो. सावली आणि पाणी असेल तर घोडा तगून राहतो. खरी कठीण वेळ जून-जुलैची, पाऊस उघडल्यानंतरच्या दुपारची. पारा उतरलेला, पण हवा दमट आणि कोंदट. अशा वेळी अंगावरून वारा गेला पाहिजे. चार भिंतींच्या खोलीत तो जात नाही. आतल्या घोड्याचा श्वास, घाम आणि मूत हवेतली ओल वाढवत राहतात, आणि माणसाला खोली गार वाटली तरी घोडा भिजलेला उभा असतो. निवारा मोकळा हवा तो यासाठी.

मग भिंत हवी कुठे? जून ते सप्टेंबर या भागात वारा मुख्यतः पश्चिमेकडचा असतो, कधी नैर्ऋत्येकडे झुकलेला, कधी वायव्येकडे. म्हणून पाठीची भिंत पश्चिमेला. दक्षिण आणि उत्तरेच्या भिंती अर्ध्या, छातीएवढ्या उंच आणि वर मोकळ्या, जमल्यास पावसाच्या दिवसांत तट्ट्या लावता येतील अशा. पूर्व पूर्ण उघडी. सकाळचे तिरपे ऊन नऊ-साडेनऊपर्यंत आत शिरते आणि जमीन सुकवते. मावळतीचे ऊन, जे मेमध्ये जास्त छळते, ते पाठीच्या भिंतीवर अडते. त्या भिंतीतही वळचणीखाली हातभर फट ठेवावी. वर चढलेली गरम हवा तिथून निघून जाते आणि पावसाला मात्र आत यायला पाखे आडवे येते.

हिंगोलीचा अक्षांश १९.७ अंशांच्या आसपास आहे. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात आणि पुन्हा जुलैच्या शेवटच्या आठवड्यात भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो. त्या वेळी भिंतीची सावली पडतच नाही. वर्षातल्या सगळ्यात कडक उन्हात जी काही सावली मिळते ती छपराची. त्यामुळे भिंतीवर खर्च करून छप्पर आखूड ठेवणे हा उलटा हिशेब आहे.

छप्पर किती पुढे यावे याचे गणित कोणालाही करता येते. पावसाचा मोठा थेंब सेकंदाला सात मीटरच्या आसपास वेगाने खाली येतो. वारा ताशी पंचवीस किलोमीटरचा असला तर तोही सेकंदाला जवळपास सातच मीटर. म्हणजे सर ४५ अंशांनी तिरपी. वळचण नऊ फुटांवर असेल आणि वारा उघड्या बाजूने आला तर पाऊस नऊ फूट आत येणार. मोसमी वारा पाठीकडून येतो, पण वळवाची वादळे दिशा पाळत नाहीत आणि परतीचा पाऊस पूर्वेकडूनही झोडपतो. म्हणून माझा आग्रह असा : निवाऱ्याची पुढून पाठीपर्यंतची खोली पंधरा-सोळा फुटांपेक्षा कमी नको, पुढची पाखी तीन-चार फूट बाहेर, आणि वळचण नऊ फुटांपेक्षा फार वर नेऊ नये. घोडा मान उचलून सहज वावरतो एवढी उंची त्याला पुरते.

छपरासाठी पत्रा वाईट नाही. उघडा पत्रा वाईट आहे. जुना, गंजलेला पत्रा मे महिन्यात ६० ते ६५ अंशांपर्यंत तापतो आणि खाली उभ्या घोड्याच्या पाठीवर सतत उष्णता ओततो. चाळीस अंशांच्या छताशी तुलना केली तर दर चौरस मीटरमागे २०० वॉटपर्यंत जास्तीची. पत्र्याखाली वीतभर अंतर ठेवून तुराट्यांची किंवा बांबूची तट्टी बांधली की हा त्रास बराचसा थांबतो. वरून चुना दिला तर आणखी फरक पडतो. तुराट्या इथे घरोघरी आहेत, तूर निघाली की बांधावर पडलेल्या असतात. वाऱ्याची बाजू मात्र इंजिनिअरने पाहावी. एक बाजू पूर्ण उघडी असलेल्या इमारतीत वारा शिरला की तो छपराला खालून उचलतो आणि वरचा झोतही त्याच दिशेला ओढतो. वाऱ्याच्या भाराविषयीचे भारतीय मानक, आयएस ८७५चा तिसरा भाग, असा उघडेपणा वेगळा धरायला सांगते तो याच कारणाने. एप्रिल-मेच्या वावटळीत उडालेले पत्रे बहुधा अशाच शेडचे असतात. खिळ्यांऐवजी हुक-बोल्ट आणि मेढींचा खाली काँक्रीटमध्ये नीट धरलेला पाया, याला पर्याय नाही.

पण या सगळ्याच्या आधी जमीन येते. या विषयावर मला एकच गोष्ट सांगायची मुभा असती तर मी ती हीच सांगितली असती : निवारा खालून वर बांधायचा असतो. पूर्णा आणि कयाधूच्या काठची काळी कापसाची माती उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते आणि पावसाळ्यात फुगते. तिच्यावर घातलेली पातळ फरशी दुसऱ्या वर्षी तडकते, उथळ पुरलेली मेढ कलते. आणि फरशी नसेल तर चार घोड्यांच्या खुरांनी आठवड्याभरात तिचा गारा होतो. अशा गाऱ्यात दिवसरात्र उभ्या घोड्याच्या खुराची पुतळी कुजते. पायाला वास येऊ लागतो आणि मालक वैद्याकडे धावतो. उपाय औषधात थोडा आहे, जमिनीत जास्त. काळी माती दोन-तीन फूट उकरून काढावी, तळाला दगडगोटे, त्यावर मुरूम थरांनी पाणी मारून ठोकलेला, वर वाळू. जोते भोवतालच्या रानापेक्षा दीड फूट तरी वर. उताराच्या वरच्या अंगाला चर, म्हणजे शेतातले पाणी निवाऱ्याला वळसा घालून जाईल. आतला उतार उघड्या बाजूकडे, चाळीस फुटांना एक फूट एवढा. आणि सगळ्यात जास्त विसरली जाणारी गोष्ट : निवाऱ्याच्या तोंडाशी, जिथे घोडे येता-जाता थबकतात, तिथेही दहा-बारा फूट मुरूम हवा. चिखल आतून सुरू होत नाही, तो या उंबरठ्यावर सुरू होतो. सेनगाव, कळमनुरीकडच्या माळरानावर मुरूम पायाखालीच आहे, त्यामुळे तिथे निम्मे काम निसर्गाने केलेले असते. औंढ्याच्या खाली, वसमतच्या काळ्या पट्ट्यात मात्र ट्रॉली मोजाव्या लागतात. पक्के बांधकाम करायचे असेल तर फुगणाऱ्या मातीसाठी रुरकीच्या केंद्रीय भवन अनुसंधान संस्थेने विकसित केलेले, तळाशी फुगीर असलेले खांब हा अनुभवाने सिद्ध झालेला मार्ग आहे.

माश्यांविषयी थोडक्यात, कारण तो स्वतंत्र ग्रंथाचा विषय आहे. पावसाळ्यात घोड्याच्या जखमा चिघळतात आणि भरत नाहीत, त्या रोगाला आपल्याकडे बरसातीच म्हणतात. लिदीतून आलेल्या माश्या जंताची अळी जखमेत सोडतात. रक्त पिणाऱ्या गोमाश्या सुरा रोग पसरवतात. त्याचा सूक्ष्मजीव १८८० मध्ये ग्रिफिथ इव्हान्स या पशुवैद्याने तेव्हाच्या पंजाबात, डेरा इस्माईल खानला, घोडे आणि उंटांच्या रक्तात शोधला. १९६० मध्ये आफ्रिकन अश्वरोगाची साथ भारतात आली. तो पसरवणारी चिलटे इतकी हलकी असतात की वाहत्या वाऱ्यात त्यांना उडणे जमत नाही. या तिन्ही रोगांचा निवाऱ्याशी थेट संबंध आहे, आणि उपाय साधे आहेत : हवा हलती ठेवणे, लीद रोज उचलणे आणि उकिरडा वाऱ्याच्या खालच्या अंगाला, लांब नेणे. उन्हाळ्या-पावसाळ्याच्या उबेत माशीची एक पिढी आठ-दहा दिवसांत तयार होते, त्यामुळे आठवड्याला एकदा सफाई म्हणजे उशिराची सफाई.

आणखी एक गोष्ट नकाशावर दिसत नाही, ती कळपात उभे राहूनच कळते. घोड्यांमध्ये मान असतो. एक घोडी पुढे, बाकीची मागे. निवाऱ्याचे तोंड अरुंद असेल तर ती दारात उभी राहते आणि कमजोर शिंगरू बाहेर भिजत राहते. मालकाला वाटते, छप्पर तर चौघांपुरते बांधले आहे. म्हणून पूर्ण लांबीची बाजू उघडी हवी आणि आत कुठेही कोंडीचा कोपरा नको. घोडा पळून जीव वाचवणारा प्राणी आहे. समोरचे रान दिसत नसेल आणि पळायला वाट नसेल तर तो झडीतही आत यायला नाखूष असतो. भोवती झाडे लावावीत : कडुनिंब, करंज, चिंच. कण्हेर मुळीच नको. कुंपणाला शोभेसाठी ती सर्रास लावतात, आणि तिची मूठभर पानेही घोड्याचा जीव घेऊ शकतात.

हिंगोलीसाठी सांगितलेले सगळे सगळीकडे चालणार नाही, हेही प्रस्तावनेतच सांगितले पाहिजे. माथेरानला मोटारी नाहीत, घोडा तिथला एक प्रमुख वाहक आहे, आणि पाऊस मराठवाड्याच्या पाच-सहापट. तिथे जांभ्याची जमीन पाणी पिते, पण धुके दिवसचे दिवस हटत नाही. उघडी बाजू कुठेही ठेवली तरी ओल आत येतेच. कोकण आणि सह्याद्रीच्या माथ्याचे शास्त्र वेगळे लिहावे लागेल. हिंगोलीत वर्षाला सरासरी आठ-नऊशे मिलिमीटर पाऊस, त्यातला बहुतेक चार महिन्यांत, आणि उरलेले आठ महिने कोरडे. एकाच छपराने या दोन्ही काळांना पुरे पडायचे, हा इथला विशेष आणि इथली अडचण.

नव्या अभ्यासकासाठी काम भरपूर पडले आहे. तुराट्यांच्या तट्टीने पत्र्याखालचे तापमान किती उतरते, हे वेगवेगळ्या जाडीसाठी मोजायचे आहे. ओल्या मुरमावर आणि ओल्या वाळूवर उभ्या घोड्यांच्या खुरांची तुलना एका पूर्ण पावसाळ्यात करायची आहे. मोकळा ठेवलेला घोडा दिवसातले किती तास स्वतःहून निवाऱ्यात काढतो, कोणत्या महिन्यात, ऊन, पाऊस की माशी यांपैकी कशामुळे, याची नोंद व्हायला हवी. ती झाल्याशिवाय वर सांगितलेली मापे अनुभवाचीच राहतील. यासाठी महागडी यंत्रे नकोत. दोन तापमापक, एक आर्द्रतामापक, एक वही आणि दर तासाला एकदा रानाकडे पाहणारा माणूस पुरे. परभणीचे पशुवैद्यक महाविद्यालय इथून जवळ आहे. माळेगावच्या बाजारात येणारे घोडेवाले आपापल्या छपरांविषयी विचारले तर तपशीलवार सांगतात. आणि एप्रिल हा सुरुवात करायला चांगला महिना आहे : तूर निघून गेलेली असते, मुरूम कोरडा असतो आणि पहिल्या पावसाला दीडेक महिना उरलेला असतो.